हलन्ताची कळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कळफलकावरील ‘डी’ची कळ निकामी झाली. इंग्रजीत लिहिणाऱ्याचे अशा वेळी एक अक्षर जाते. आमचे त्याहून पुष्कळ अधिक गेले. आम्ही इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकतो, आणि त्या पद्धतीत ‘डी’च्या जागी हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह असते. शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘अ’ उमटतो. म्हणजे वर्णमालेचे पहिले अक्षर आणि बहुतेक सारी जोडाक्षरे एकाच दुपारी हातची गेली. आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह मिळणारे ज्ञ, त्र, क्ष, श्र आणि रफार एवढे काय ते वाचले.

पहिल्या दिवशी आम्हांस याची गंमतच वाटली. जन्माचा ‘जनम’ झाला, रत्नाचे ‘रतन’ झाले, शब्दाचा ‘शबद’ झाला. भाषाविज्ञानाच्या तासाला स्वरभक्तीची उदाहरणे फळ्यावर लिहिण्यात आमच्यापैकी एकाची वीस वर्षे गेली; येथे कळफलकाने आपणहून स्वरभक्ती आरंभिली होती. दुसऱ्या दिवशी गंमत ओसरली. एका शोधनिबंधाची मुद्रिते दोन दिवसांत परत करावयाची होती, आणि ‘स्वातंत्र्योत्तर’ हा शब्द त्यांत पानोपानी होता. नुसता ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घेतला तरी त्याला अकरा कळा लागतात. त्यांपैकी तीन वेळा हलन्त. आमच्या कळफलकावर सर्वांत आधी झिजली ती हीच कळ, हे आमच्या ध्यानात आले होते. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या कळफलकाची झीज निराळी असते. कोणी कोणत्या भाषेत लिहिले हे कळांवरील तुळतुळीतपणावरून सांगता यावे, इतकी ती निराळी असते.

हा कळफलक आम्ही २००९ साली घेतला. ‘आम्ही’ हे येथे संपादकीय बहुवचन नव्हे. एकाच मराठी विभागात शिकवणारे, एकच टेबल वापरणारे आणि त्या काळी एकच संगणक वाटून घेणारे असे आम्ही खरोखरच दोघे आहोत. त्यावर दोन प्रबंध, विभागाच्या नियतकालिकाचे बारा-तेरा अंक, असंख्य प्रश्नपत्रिका आणि न छापलेले बरेच काही टंकले गेले. कळफलक यांत्रिक होता, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र स्प्रिंग असलेला. निर्मात्याचे नाव देण्याचे कारण नाही. त्याने आपले काम चोख केले. मधे एकदा हीच कळ रुसली होती. तेव्हा गावातल्या दुरुस्तीवाल्याने ‘स्क्रोल लॉक’खालचा स्विच डाख सोडवून काढला आणि ‘डी’खाली बसवला. “सर, ती कळ तुम्ही कधी दाबली होती का?” एवढेच त्याने विचारले. खरेच, आम्ही ती कधीच दाबली नव्हती. त्या बिनकामाच्या कळेच्या पोटातला स्विच पुढे सहा वर्षे मराठीची जोडाक्षरे जोडत राहिला. या वेळी मात्र पट्टीवरचा तांब्याचा मार्गच उखडला होता. “हा आता सोडा,” असे त्याने सांगितले.

सोडावयाचा म्हणजे नवा घ्यावयाचा. पुण्यातील ज्या दुकानात आम्ही गेलो तेथील तरुण विक्रेत्याने आपुलकीने पहिला प्रश्न केला, “मॅडम, गेम कोणते खेळता?” आम्ही मराठी टंकतो असे सांगितल्यावर तो क्षणभर थबकला आणि मग त्याने कळांखालून सप्तरंगी प्रकाश फेकणारे चार-पाच कळफलक पुढ्यात मांडले. यांत त्याचा काही दोष नाही. आज यांत्रिक कळफलकांच्या बाजारात मुख्य गिऱ्हाईक खेळणाऱ्यांचे आहे, आणि त्या गिऱ्हाइकामुळेच ही वस्तू टिकली हेही मान्य केले पाहिजे. १९८५ साली आयबीएमने आपला प्रसिद्ध ‘मॉडेल एम’ काढला, त्यात कळ दाबताच स्प्रिंग बाकून आवाज होई. तो कचेरीत बसून टंकणाऱ्यांसाठी होता. पुढे संगणक स्वस्त झाले तसा रबरी घुमटीचा स्वस्त कळफलक सर्वत्र पसरला आणि यांत्रिक कळफलक बँका, सरकारी कचेऱ्या आणि डीटीपीची दुकाने यांच्यापुरता उरला. आपल्याकडे टीव्हीएस गोल्डचा तो खडखडाट बँकेच्या खिडकीपाशी उभे राहिलेल्या कोणालाही आठवेल. त्याच्या पोटात जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच असत. चेरीच्या एकस्वाची मुदत २०१४ च्या सुमारास संपली, चिनी कारखान्यांनी त्याच घडणीचे स्विच काढले, आणि किमती उतरल्या. 

स्विच रंगांवरून ओळखतात. लाल रंगाचा थेट खाली जातो, वाटेत काहीच सांगत नाही. तपकिरी रंगाचा अर्ध्या वाटेवर बोटाला हलकीशी ठेच देतो. निळ्याच्या ठेचेला ‘टिक्’ अशा आवाजाची जोड असते. कळ एकंदर चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर उमटते ते साधारण दोन मिलिमीटरांवरच. रबरी घुमटीच्या कळेत अक्षर उमटण्यासाठी ती तळाशी दाबावी लागते. दिवसभर टंकणाऱ्याची बोटे दुखतात ती तळाशी आपटून. ठेच लागताच बोट उचलण्याची सवय एकदा लागली की हात थकत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोळा पडद्यावर नसला तरी चालते. समोर हस्तलिखित आहे, त्याची नक्कल करावयाची आहे, अशा माणसाला ही सोय केवढी मोठी! आमच्यापैकी एकाचे काम मध्ययुगीन पोथ्यांचे. पोथीवरून नजर काढावी लागली की ओळ चुकते.

येथे आमच्यात मतभेद झाला तो नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. एकास निळाच हवा होता. सोळा वर्षे तो आवाज कानात बसला होता आणि त्या आवाजाशिवाय वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही, असा दावा होता. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा आवाज टंकणाऱ्यास संगीत आणि शेजाऱ्यास शिक्षा आहे. शिक्षककक्षात आणखी सातजण बसतात आणि ते सोळा वर्षे सौजन्यापोटी गप्प होते. शिवाय आवडत्या जुन्या वस्तूची जागा घेणारी वस्तू तिच्यासारखीच असावी हा हट्ट चिकित्सक नव्हे; समीक्षेत आपण ज्या स्मरणरंजनाला नावे ठेवतो तेच हे, असेही ऐकवले गेले. या वादात बरीच पुस्तकी हत्यारे वापरली गेली. नीत्शेला १८८२ साली मिळालेले लेखनयंत्र आणि त्यावरून फ्रीडरिक किटलरने १९८६ सालच्या ग्रंथात काढलेली अनुमानेही निघाली. असो. दुकानातील विक्रेता तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

या वादात एक गोष्ट मात्र आम्हां दोघांनाही एकाच वेळी उमगली, आणि हा लेख खरे तर तेवढ्यासाठीच आहे. स्विचच्या रंगाविषयी आम्ही हिरिरीने भांडत होतो, पण समोरच्या एकाही कळफलकावर देवनागरी अक्षर नव्हते, आणि ते आमच्या लक्षातही आले नव्हते. आमच्या जुन्या कळफलकावरची अक्षरे केव्हाच पुसली गेली होती. आम्ही कोऱ्या कळांवर टंकत होतो. अक्षरे आमच्या बोटांत होती. आमच्या विद्यार्थ्यांच्या बोटांत ती नाहीत. त्यांच्यासाठी कळफलक निवडावयाचा तर पहिला प्रश्न रंगाचा नव्हे.

इन्स्क्रिप्टची रचना आपल्या विषयाच्या लोकांनी एकदा नीट पाहिली पाहिजे, असे आमचे मत आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली मांडली, १९८८ साली सुधारली, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. अल्पप्राण साध्या कळेवर, त्याचा महाप्राण शिफ्टसह त्याच कळेवर: क-ख, ग-घ, त-थ, द-ध. ज्याने पाणिनीचे नावही ऐकलेले नाही त्याच्या बोटांनाही वर्गीय व्यंजनांचा क्रम कळावा, अशी ही मांडणी आहे. कन्नड, गुजराती, बंगाली यांसाठीही हीच मांडणी असल्यामुळे ‘क’ सर्वत्र एकाच बोटाखाली येतो.

हिच्याआधीचे मराठी टंकलेखन यंत्र निराळ्या तत्त्वावर चालत असे. आमच्यापैकी एकाने तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत शब्दगती तीसची परीक्षा त्या यंत्रावर दिली आहे. तेथे ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी मारावी लागे आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. तो डोळ्याचा क्रम होता. इन्स्क्रिप्टमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी, कारण उच्चारात तसे आहे. हा कानाचा क्रम. डोळ्याचा क्रम विसरून कानाचा शिकावयास आम्हांस दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत आम्ही ‘कि’ऐवजी काय काय लिहिले ते सांगण्याजोगे नाही. पण तेव्हा हेही जाणवले की यंत्राच्या मोजक्या कळांत देवनागरी बसवावयाची म्हणून लिपीलाच अंग चोरावे लागले होते. खिळे वाचावेत, यंत्रावर सोपे जावे, हा विचार सावरकरांच्या लिपिशुद्धीतही होता; ‘अि, अी, अु’ ही त्यातली ‘अ’ची बाराखडी जुन्या अंकांतून चाळताना आजही भेटते. यंत्रासाठी लिपीने बदलावे की लिपीसाठी यंत्राने, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. इन्स्क्रिप्ट हा त्यातील लिपीच्या, किंबहुना उच्चाराच्या, बाजूने लागलेला निकाल होता.

आणखी एक बारकावा. ऱ्हस्व इकाराची कळ डाव्या तर्जनीच्या अगदी घरच्या जागी, ‘एफ’वर. दीर्घ ईकार तिच्या वर, ‘आर’वर. तसेच उकाराचे: ऱ्हस्व ‘जी’वर, दीर्घ त्याच्या वरच्या ओळीत ‘टी’वर. म्हणजे ऱ्हस्वासाठी बोट मधल्या ओळीतच राहते आणि दीर्घासाठी वर चढते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ चे आणि आणखी चार १९७२ चे. ते आम्ही दरवर्षी शिकवतो, विद्यार्थी दरवर्षी पाठ करतात आणि दरवर्षी विसरतात. पण ‘वकील’ लिहिताना वर चढलेली तर्जनी ‘वकिलाला’ लिहिताना खाली उतरते, ‘बुद्धी’त वर जाते आणि ‘बुद्धिवैभवा’त जागीच राहते, ही हालचाल दोनशे वेळा केलेल्या हाताला नियम आठवावा लागत नाही. आम्हांला स्वतःला पुष्कळ शब्दांचे शुद्धलेखन आज डोळ्यांनी आठवत नाही. हात हवेत धरून बोट हलवून पाहतो आणि मग सांगतो. वर्गात हे करताना विद्यार्थी हसतात.

आता ज्यांना हे सारे अरण्यरुदन वाटेल त्यांचा आक्षेप घेऊ. विद्यार्थी रोमनमध्ये ‘vakil’ च्या धर्तीवर लिहितो, यंत्र त्याला चार पर्याय देते, तो एक निवडतो. किंवा तो फोनशी बोलतो आणि मजकूर उमटतो. काम होते. यात बिघडले काय? आमचा याला सरसकट विरोध नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याला बोलून लिहिता येणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्याच्या घरी संगणक कधीच नव्हता त्याला कळफलकाचे कौतुक सांगत बसणे हे थोडे निर्दयपणाचेही होईल. पण दोन वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही.

आमच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून घेतल्या होत्या. सव्वाशेच्या वर. ध्वनिमुद्रणे फोनवर, टंकनही फोनवर, दिवसभराचे शेतकाम आटोपून रात्री. प्रकल्प आमच्या हाती आला तेव्हा ओव्या वाचून आम्ही चकित झालो, कारण त्या जवळजवळ प्रमाण मराठीत होत्या. ‘व्हतं’ नाही, ‘म्या’ नाही, ‘पानी’ नाही. सगळीकडे ‘होतं’, ‘मी’, ‘पाणी’. आम्ही तिला जरा कडक शब्दांतच विचारले, की आजीची भाषा तू सुधारलीस का? ती गोंधळली. तिने सुधारली नव्हती. तिने फोनला जे सांगितले त्याचे फोनने हे केले होते. काही ठिकाणी तिने रोमनमध्ये आजीचा शब्द लिहिला आणि सुचवलेल्या पर्यायांत तो नव्हताच, म्हणून जवळचा निवडला. रात्री अकराला थकलेले माणूस जवळचाच पर्याय निवडते. ध्वनिमुद्रणे होती म्हणून बरे, पण त्यांतली काही तोवर फोनची जागा भरली म्हणून पुसली गेली होती. आजीही राहिली नव्हती. जवळजवळ चाळीस ओव्यांत आता आजीचा नेमका शब्द कोणता होता ते सांगता येत नाही. छंदावरून, यतीवरून आम्ही अंदाज बांधले आणि ते चौकटी कंसात घातले, पोथीसंपादनात घालतात तसे. पोथीचा लेखनिक सात शतकांपूर्वीचा. येथे लेखनिक गेल्या वर्षीचा होता आणि त्याला आपण काय बदलले हे विचारण्याचीही सोय नव्हती.

कळफलकावर हे घडले नसते, असे आमचे म्हणणे आहे. ‘व’, हलन्त, ‘ह’, ‘त’, अनुस्वार. पाच कळा दाबल्या की ‘व्हतं’ उमटते आणि तसेच राहते. कळेला शब्द ठाऊक नसतो, तिला फक्त ध्वनी ठाऊक असतो. म्हणूनच तिच्या हाती बोली सुरक्षित राहते. पुढे-मागे यंत्रे बोली ओळखू लागतील आणि मग हा युक्तिवाद लटका पडेल, असे आमचे तरुण सहकारी म्हणतात. पडो. पण यंत्राने बोली शिकावयाची तर ती कोणीतरी आधी जशीच्या तशी लिहून ठेवलेली असावी लागते, आणि ते लिहिणारे हात कोठून यावयाचे?

याला उघड उत्तर असे, की मग इन्स्क्रिप्ट शिकवा, कळफलक कोणताही चालेल. चारशे-पाचशे रुपयांच्या रबरी कळफलकावरही ‘व्हतं’ उमटते. हे खरे आहे, आणि सहा हजारांच्या कळफलकाचे समर्थन आम्ही बोलींच्या नावाने करू लागलो तर ते ढोंग होईल. तो आमचा शौक आहे. तरीही एक अनुभव सांगतो. विभागातील रबरी कळफलकावर आम्ही आठजणांना इन्स्क्रिप्ट शिकवून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात तिघे उरले. पुढील वर्षी तोच वर्ग आम्ही आमच्या जुन्या, खडखडणाऱ्या कळफलकावर पाळीपाळीने घेतला, तर आठांपैकी सहा शेवटपर्यंत आले. याचे श्रेय स्विचला द्यावे की त्या वर्षीच्या मुलांना, हे आम्हांस ठरवता येत नाही. त्यांतला एकजण मात्र म्हणाला होता, “सर, यावर लिहिलेलं ऐकू येतं.”

घरच्या कळफलकांपुरता आमचा प्रश्न सुटला. तपकिरी स्विचचा, सत्त्याऐंशी कळांचा, म्हणजे उजवीकडचा आकडेवारीचा भाग नसलेला कळफलक आम्ही घेतला; उजवा हात माउसकडे कमी लांब जातो. याच्या खाचांत स्विच डाखलेले नसतात, ते चिमट्याने उपटून नवे बसवता येतात. निळ्याच्या पक्षधराने दुसऱ्याच दिवशी दहा निळे स्विच मागवले आणि त्यांतला एक केवळ हलन्ताच्या खाचेत बसवला. आता त्या कळफलकावर फक्त जोडाक्षर करताना ‘टिक्’ वाजते. जोडाक्षरे किती येतात ते त्यामुळे कळू लागले आहे. संस्कृतप्रचुर समीक्षा टंकताना फारच वाजते.

विभागाचा प्रश्न तसाच आहे. देवनागरी अक्षरे पक्की छापलेल्या कळा असलेला यांत्रिक कळफलक शोधणे सोपे नाही. चिकटवावयाच्या पट्ट्या मिळतात, त्या सहा महिन्यांत निघतात. आम्ही चार कळफलकांची मागणी खरेदी समितीपुढे ठेवली. समितीने नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली आणि मागणीपत्रातील ‘तपशील’ या रकान्यात नेमके काय लिहावे असे विचारले. आम्ही लिहिले: कळफलक, यांत्रिक, इन्स्क्रिप्ट देवनागरी अक्षरांसह, स्विच तपकिरी अथवा निळा. लिपिकबाईंनी ते वाचून सांगितले की रंगाची अट घालता येत नाही. गेल्या आठवड्यात दरपत्रके उघडली. सर्वांत कमी दर रबरी कळफलकाचा आहे.